शेवटी पोचणाऱ्याचं जाकीट

आमच्या क्लबात खिंडीवर जो सगळ्यांत शेवटी पोचतो, तो उतारावर सगळ्यांच्या पुढे असतो. हा नियम कुणी केला ते आता कुणाला आठवत नाही, पण तो मोडायची कुणाची टाप नाही. कारण सोपं आहे. तरणी मंडळी वर जाऊन निवांत बसतात, खातात, गप्पा छाटतात आणि शेवटचा माणूस धापा टाकत आला रे आला की निघतात. म्हणजे विश्रांतीची गरज ज्याला सगळ्यांत जास्त, त्यालाच ती कधी मिळत नाही. म्हणून शेवटच्याला बिनबाह्यांचं लाल जाकीट देतात. तो ते चढवतो, हवा तेवढा वेळ बसतो, चीज-पाव खातो आणि मनात येईल तेव्हा निघतो. खालच्या पहिल्या गावातलं पाण्याचं दगडी टाकं येईपर्यंत त्याला कुणी ओलांडायचं नाही.

हे जाकीट बरीच वर्षं माझ्याच अंगावर होतं. मी देल्फिना. निवृत्त होईपर्यंत वराइता खोऱ्यातली बस चालवली, खाली सालुत्सोपासून वर रस्ता संपतो तिथल्या गावापर्यंत. चढ मला जमत नाही, खोटं कशाला बोलू. पण उतार माझा. बस चालवणाऱ्याला वळण अंगात कळतं. ब्रेक कुठे दाबायचा, कुठे सोडायचा, आणि मागच्या बाकावरच्या म्हातारीच्या पिशवीतली अंडी कशी फुटू द्यायची नाहीत, हे एकदा आलं की जात नाही.

गेली दोन वर्षं उतारावर माझ्या मागच्या चाकाला चिकटून फ्रेदो यायचा. त्याचं पूर्ण नाव क्याफ्रेदो, पण त्या नावाने त्याला फक्त पाद्री हाक मारतात. आमच्याच खोऱ्यात तो बर्फ काढायची गाडी चालवायचा. हिवाळ्यात सकाळी तो पुढे, आणि त्याने साफ केलेल्या रस्त्यावरून माझी बस मागे. एवढ्या वर्षांत आम्ही फारसं बोललो नव्हतो. समोरासमोर आलो की हात वर करायचा, संपलं. सायकलीवर मात्र तो एके काळी वाघ होता, खिंडीवर कायम पहिला. सत्तरी जवळ आली आणि अचानक मागे पडायला लागला, माझ्या जोडीने चढायला लागला. वय झालं, असं सगळ्यांनी धरलं. मीही.

खिंडीजवळ आलो की तो अर्धं चाक पुढे काढायचा, म्हणजे शेवटची मीच ठरायचे आणि जाकीट मलाच मिळायचं. मग मी पुढे, लगेच मागे तो, आणि त्याच्या मागे बाकी सगळे. क्लबाचा अध्यक्ष ज्योर्स मला बघितलं की विचारायचा, तुझी शेपटी कुठे राहिली? त्याची बायको रिनूचा आमच्या सामानाची व्हॅन चालवते, ती तर उघडच म्हणायची की आता काय, तारीख तेवढी ठरवा.

मी चिडल्यासारखं करायचे. पण फ्रेदो माझ्याशी बोलताना कधी माझ्या डोळ्यांत बघत नसे. माझ्या कानाकडे, खांद्याकडे बघून बोलायचा आणि हसायचा. बासष्टाव्या वर्षी कुणीतरी आपल्यापुढे लाजतंय ही गोष्ट सुखाची असते, कुणी काहीही म्हणो. नवरा जाऊन सात वर्षं झाली. घरात बोलतो तो फक्त रेडिओ. म्हणून मी ठरवलं होतं की या जूनच्या सहलीत काय तो निकाल लावायचा. त्याने विचारलं तर हो म्हणायचं. नाही विचारलं तर मीच विचारायचं.

पहिल्या दिवशी शेजारच्या माइरा खोऱ्यातून वर चढून साम्पेयरेची खिंड होती. या वर्षी क्लबात एक नवा गडी आला होता, लोरिस. तोरिनोचा, पंचेचाळिशीचा, गोलमटोल. त्याच्या सायकलीच्या किमतीत माझं स्वयंपाकघर नवं झालं असतं. एल्वा गावाच्या खाली रस्ता उभा झाला तसा लोरिस मागे पडला. माझ्याहूनही मागे. असं पूर्वी कधी झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

फ्रेदोला ते बरं वाटलेलं दिसेना. तो सारखा कान मागे टवकारत होता.

"आज जरा दमानं घे, देल्फिना," तो म्हणाला.

"याहून दमानं घेतलं तर सायकल आडवी होईल."

"होऊ दे. पण तो मागचा आपल्या आधी वर गेला पाहिजे."

मी मान खाली घालून पायडल मारत राहिले, कारण मला हसू फुटत होतं. याला माझ्यामागून उतरायचंय. दुसऱ्या कुणामागून नाही, माझ्याच. मग मी काय वाटेल ते केलं. बुटाची नाडी बांधायला थांबले. पाणी प्यायला थांबले. दगडावर बसलेल्या मार्मोटांना, त्या गुबगुबीत डोंगरी खारींना, बघायला थांबले, जशा काही त्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. लोरिस मात्र काही केल्या पुढे जाईना, कारण तो सायकल हातात धरून चालत होता. शेवटी आमच्याजवळ पोचला तेव्हा तो गवतावर बसला आणि म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, बाई. माझ्यासाठी खोळंबू नका. मला संकोच होतो."

वर ज्योर्सने लोरिसला जाकीट चढवलं. ते त्याच्या पोटावर बसेना. फ्रेदो पुढे झाला आणि म्हणाला की याला हा उतार माहीत नाही, जाकीट देल्फिनाला द्या. हे तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

"नियम म्हणजे नियम," ज्योर्स म्हणाला. "तुला तिच्याच मागे जायचं असेल तर लग्न कर."

मंडळी पोट धरून हसली. फ्रेदो हसला नाही. माझे कान तापले. वर वाऱ्याने बोटं वाकडी होत होती, तरी मला टोपी काढावीशी वाटली.

लोरिस निघाला तो घराला आग लागल्यासारखा. चढावर जी काय अब्रू गेली होती ती त्याला उतारावर परत मिळवायची होती. त्याच्या मागे फ्रेदो, फ्रेदोच्या मागे मी. पहिली दोन वळणं कशीबशी निभली. तिसऱ्या वळणावर, जिथे गवताची कोठी आहे आणि रस्ता एकदम डावीकडे मुरडतो, तिथे लोरिसने ब्रेक उशिरा दाबला. तो वळलाच नाही. सरळ कुरणात शिरला, गायींमध्ये. आणि फ्रेदो त्याच्या मागोमाग, हँडल न वळवता, ब्रेकला हात न लावता, ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीसारखा सरळ गवतात गेला.

नशीब की ते कुरण होतं. त्या रस्त्यावर अशीही वळणं आहेत की जिथे पलीकडे काही नाही. लोरिसचं मनगट मुरगळलं. फ्रेदो हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत शेणाने माखला होता आणि एक गाय त्याला हुंगत होती. आम्ही इतके हसलो की दोघे-तिघे रस्त्यावर बसले. ज्योर्सने विचारलं की इथला बर्फ पूर्वी कोण काढायचं म्हणे. फ्रेदोने गवताने तोंड पुसलं, हसला आणि म्हणाला, लक्ष नव्हतं.

सगळ्यांत मोठ्याने मी हसले होते. पुन्हा सायकलीवर बसले आणि हसू ओसरलं, तेव्हा मला विचार करायला वेळ मिळाला. हे वळण तो बर्फात घेत आला होता, रस्ता आणि कुरण एक झालेले असताना. लक्ष नसलं तरी त्याचे हात वळायला हवे होते. माझे हात अजून घरात खुर्चीवर बसल्या बसल्या वळतात. आणि समोरचा मूर्ख माणूस शेतात शिरताना दिसला तर कोण त्याच्या मागे शेतात शिरतं? ज्याला तो शेतात शिरतोय हे दिसतं, तो शिरत नाही.

मुक्काम पोंतेक्यानालेला होता. जेवायला राविओलेस होते, बटाट्याचे लांबट गोळे, वितळलेल्या लोण्यात आणि चीजमध्ये बुडवलेले. मी मुद्दाम फ्रेदोच्या बरोबर समोर बसले. टेबलावर दिवा होता. तो माझ्याशी काही बोलत होता, नेहमीसारखा कानाकडे बघून. मी जीभ बाहेर काढली. लहान मुलं दाखवतात तशी, पार मुळापासून, आणि वर डोळे तिरळे केले. शेजारी रिनूचाचा चमचा तोंडाशी थांबला. फ्रेदो गोड हसत राहिला आणि म्हणाला की लोणी या वर्षी फार छान आहे.

मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. मला राग आला. दोन वर्षं ज्याला मी लाजणं समजत होते ते लाजणं नव्हतं. मी केस रंगवले होते, या सहलीसाठी. ते कुणासाठी रंगवले होते, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी आन्येल्लोची खिंड, इथली सगळ्यांत उंच. पलीकडे फ्रान्स. मनगटाला पट्टी बांधून लोरिस व्हॅनमध्ये बसला, त्यामुळे शेवटी पुन्हा आम्हीच दोघं. क्यानाले गाव मागे पडलं आणि खरा चढ लागला, जिथे माणूस एका श्वासात तीनच शब्द बोलू शकतो. मला तेवढे पुरले.

"किती दिसतं तुला?"

त्याने आधी वळण पार केलं. मग म्हणाला, "म्हणजे?"

"फ्रेदो, काल मी तुला जीभ दाखवली."

"केव्हा?"

"लोणी छान होतं तेव्हा."

तो हसला. चढावर हसणं परवडत नाही, त्याला ठसका लागला. मग त्याने सांगितलं, थांबत थांबत, प्रत्येक वळणावर थोडं. समोर बघितलं की मधोमध काही नसतं, धूर असतो. कडेकडेचं दिसतं. रस्त्याची पांढरी रेघ दिसते, गवत दिसतं, माणसाचा खांदा दिसतो. चढावर तेवढं भागतं. उतारावर वेगात नाही भागत. पण लाल दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की हे बरं व्हायचं नाही, वाढत जाईल. त्याने कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगितलं की सायकल गेली. सायकल गेली की मग खिडकीत बसायचं, आणि खिडकीतूनही काही दिसायचं नाही.

"म्हणून दोन वर्षं माझ्या मागे," मी म्हटलं.

"तू एकसारखी उतरतेस. वळण येतं ते मला तुझ्या पाठीवरून कळतं. झटका नाही, काही नाही. मला कधी भीती वाटली नाही."

"आणि काल लोरिसच्या मागे गेलास."

"जाकीट त्याच्या अंगावर होतं," तो म्हणाला.

हे त्याने साधेपणाने सांगितलं, जसं आहे तसं. मला ते लागलं. जाकीट एखाद्या पिंपाला घालून गडगडत सोडलं असतं तरी हा त्याच्या मागे गेला असता. दुसऱ्या गोष्टीचा राग तर याहून मोठा होता. बसमध्ये माणूस बसलाय हे ड्रायव्हरला माहीत असावं लागतं. दोन वर्षं मी या माणसाला प्रत्येक कड्यावरून खाली नेत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. एखाद्या दिवशी माझं टायर फुटून मी कठड्यापलीकडे गेले असते, तर हा विश्वासाने माझ्या मागे आला असता. आणि त्याच्या मागे सगळा क्लब.

तो म्हणाला, "एवढी सहल होऊ दे, देल्फिना. मग मी स्वतःच सांगतो."

खिंडीच्या आधीचं शेवटचं वळण आलं. नेहमीप्रमाणे तो अर्धं चाक पुढे काढायच्या बेतात होता. मी जोर लावला. माझ्यात होता नव्हता तेवढा सगळा लावला आणि त्याच्या आधी वर पोचले. त्याने अडवलं नाही. त्याला कळलंच नसावं मी काय करतेय ते.

खड्ड्यांमध्ये अजून जुना बर्फ होता आणि वारा माणसाला उभं राहू देत नव्हता. ज्योर्सने सवयीने जाकीट माझ्यापुढे धरलं.

"मला नको," मी म्हटलं. "आज फ्रेदो शेवटचा."

एकच गिल्ला झाला. फ्रेदो शेवटचा! इतक्या वर्षांत पहिल्यांदा! कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी फोटो काढला. त्याला धरून जाकीट चढवलं, झिप गळ्यापर्यंत ओढून दिली. तो एका जागी उभा होता. मग त्याने खायला मागितलं आणि खूप वेळ खाल्लं. नियमाप्रमाणे त्याला कुणी घाई केली नाही. शेवटी खायचं संपलं. सगळे सायकलींवर बसले, एक पाय जमिनीवर, आणि त्याच्याकडे बघत राहिले.

त्याने सायकल रस्त्याच्या मधोमध आणली. पाय पायडलवर ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. समोर रस्ता सरळ खाली जात होता आणि मग एका वळणामागे नाहीसा होत होता. त्याने माझ्या दिशेला मान वळवली.

"देल्फिना," तो म्हणाला.

मला बोलता आलं असतं. मी हातमोजे घालत राहिले.

मग तो ज्योर्सकडे वळला आणि भाजीत मीठ कमी आहे अशा आवाजात म्हणाला, "मला दिसत नाही."

आधी कुणाला समजलं नाही. एकाने त्याला स्वतःचा चष्मा काढून दिला. मग त्याने दोन वाक्यांत सांगितलं. त्याच्या मागून दोन वर्षं बिनधास्त खाली येणारे आमचे तरणे वाघ एकमेकांकडे बघायला लागले, त्यांचे चेहरे उतरले. रिनूचा व्हॅनमधून उतरली, तिने मागचं दार उघडलं आणि त्याची सायकल आत ठेवली. फ्रेदोने जाकीट काढून त्याची नीट घडी केली आणि ते ज्योर्सच्या हातात दिलं. त्या घडी करण्याकडे बघवेना.

जाकीट मी घातलं आणि निघाले. माझ्या मागच्या चाकाला कुणी नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मोकळं वाटलं. रिकामी बस आगारात नेताना वाटतं तसं. मी इतक्या वेगाने कधी उतरले नव्हते. ते मोकळेपण खालच्या गावातलं टाकं येईपर्यंत टिकलं. तिथे पाणी पिण्यासाठी ओणवी झाले आणि मला समजलं की आता मला फ्रेदोला काहीही विचारायचं उरलेलं नाही. निकाल लागला होता.

त्या संध्याकाळी आर्व्यो गावातल्या मुक्कामावर ज्योर्सने आपला निर्णय सांगितला. फ्रेदोने चढावं, खिंडीवर पोचलं की व्हॅनमध्ये बसावं, उतारावर सायकल चालवायची नाही. फ्रेदोने मान डोलावली. त्याला एवढंही मिळेल असं वाटलं नव्हतं. जेवताना तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. लोक त्याच्याशी मोठ्या आवाजात बोलत होते, जसा काही तो बहिरा झाला होता. उठताना तो माझ्यामागून गेला, थांबला आणि म्हणाला, "तू केलंस ते बरोबर केलंस." मी म्हटलं, ठाऊक आहे. असं म्हणायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी इझोआरची खिंड. सकाळी सगळे एकत्र निघालो. गावाबाहेर सरळ रस्ता आहे, कंटाळवाणा, आणि मग ब्रुनिसार गावाच्या पुढे जंगल लागलं की चढ सुरू होतो. फ्रेदो माझ्या बाजूला नव्हता. पुढे होता. मला वाटलं, माझ्यावर रागावलाय, रागावू दे. मग तो मधल्या घोळक्यात दिसला. मग घोळक्याच्या पुढे. डोकं जरा तिरकं धरून, कडेच्या रेघेवर नजर ठेवून तो बसल्या जागेवरून न उठता चालला होता, जराही जोर न लावल्यासारखा. तरण्यांपैकी दोघे त्याच्या मागे लागले. पुढच्या वळणावर एकच उरला. त्याच्या पुढच्या वळणावर तोही खाली मान घालून सावकाश झाला. वर झाडांमधून त्याच्या सदऱ्याचा निळा ठिपका एकदा दिसला, दोनदा दिसला, मग नाही.

सत्तर वर्षांचा माणूस एका रात्रीत तरुण होत नाही. म्हणजे हा दम त्याच्यात काल होता, आणि परवाही. दोन वर्षं होता.

मी पायडल मारता मारता हिशोब लावू लागले. उतारावर त्याला माझी पाठ हवी होती. ते खरं, त्याने सांगितलं. आता उतार व्हॅनमधून होता, म्हणून माझी गरज संपली होती. हेही खरं. पण चढावर? चढावर त्याला रस्त्याची रेघ पुरत होती. तेही त्यानेच सांगितलं होतं. तो कुणाच्याही आधी वर जाऊन, सावलीत पाय पसरून, माझी वाट बघू शकला असता. मी पोचले की जाकीट मलाच मिळणार होतं, आणि तो माझ्या मागे लागू शकला असता. त्यासाठी माझ्या बाजूने इतकं हळू चढायचं, माझ्या तोंडून शेजारणीबद्दलच्या तक्रारी ऐकायच्या, रेडिओवर ऐकलेल्या बातम्या ऐकायच्या, याचं काही कारणच नव्हतं.

हे माझ्या डोक्यात शिरलं आणि मला इतकं वाईट वाटलं की मी पाय खाली टेकला. मी हळू असते, पण चढावर कधी पाय टेकत नाही. तिथे रस्त्याच्या कडेला उभी राहून मी रडले. रिनूचाची व्हॅन मागून आली, लोरिसने खिडकीतून डोकं काढलं आणि काही झालं का, बाई, असं विचारलं. मी म्हटलं, चेन पडली. चेन जागेवर होती आणि ते त्यालाही दिसत होतं. पण माणूस चांगला आहे, त्याने मान हलवली आणि काच वर केली.

इझोआरवर शेवटी मीच पोचले, आणि फार उशिरा. खिंडीच्या आधी पिवळ्या दगडांच्या उजाड भागात रस्ता थोडासा खाली उतरतो. ज्योर्सने सांगितलं की तिथे फ्रेदो सायकल हातात धरून चालत गेला आणि तरीही सगळ्यांच्या आधी वर आला. ज्योर्स हे मला दोनदा सांगत होता. हा माणूस इतकी वर्षं होता कुठे, असं तो स्वतःलाच विचारत होता. मी जाकीट घेतलं पण घातलं नाही.

फ्रेदो व्हॅनच्या उघड्या दारात बसला होता, खांद्यावर घोंगडी, हातात पाव. मी सायकल आडवी टाकली आणि त्याच्या शेजारी बसले. त्याने मला ओळखलं, बहुधा श्वासावरून. माझ्याइतकी धाप कुणालाच लागत नाही.

"दोन वर्षं हळू चढत होतास," मी म्हटलं.

"हो."

"सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? तुला वाटलं मी म्हातारा झालो. मला ते सोयीचं पडलं."

"आणि आज?"

त्याने पावाचा तुकडा मोडला आणि अर्धा माझ्याकडे धरला. जरा बाजूला धरला होता, मी हात लांब करून घेतला.

"आज म्हटलं, तुला आता माझं ओझं नको असेल. मग आलो पुढे. छान वाटलं, खोटं नाही सांगत. पण वर येऊन बसलो तर करायचं काय? हे लोक आपापल्या वेळा सांगत बसतात. मला दिसत तर काहीच नाही." त्याने घास गिळला. "उद्या मोंजिनेव्रो. उद्या कसं चढू, ते तू सांग."

सगळे तयार होऊन आमच्याकडे बघत होते. बघू देत. जाकीट माझ्याकडे होतं आणि मी उठेपर्यंत कुणाला निघता येणार नव्हतं. मी पाव चावत राहिले.

"उद्या मी जरा जोर लावते," मी शेवटी म्हटलं. "म्हणजे तुला फार हळू जावं लागणार नाही."

"नको," फ्रेदो म्हणाला. "घाई कसली आहे?"